डिझेल सांडलेल्या मातीचा नमुना सावलीत वाळवू नका

पाऊस तोंडावर आहे. पंपापाशी, ट्रॅक्टर उभा राहतो तिथे किंवा टाकी गळून जमिनीत डिझेल मुरलं असेल, तर नमुना आत्ताच काढा. पाणी पडलं की तेल उताराने पसरतं, भेगांतून खाली उतरतं. मग डाग नेमका कुठवर गेला हे शोधणं अवघड होतं. डागाच्या वरच्या अंगाला आजच मातीचा बांध घाला, म्हणजे वाहतं पाणी बाजूने जाईल.

एकच चूक मी वर्षानुवर्षं पाहतोय. हाताला सवय खताच्या तपासणीची: शेतभर फिरून माती गोळा करायची, कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, सावलीत वाळवायची, पिशवीत भरायची. नत्र-स्फुरदासाठी हे बरोबर आहे. इंधनासाठी नाही. पेट्रोल कालवतानाच उडतं, डिझेलचा हलका भाग वाळवताना जातो, आणि अहवालात आकडा खराखुरा येतच नाही. असा ‘ठीक’ अहवाल घेऊन एकाने त्याच तुकड्यात पेरणी केली. रोपं बोटभर झाली आणि पिवळी पडली. उपटून पाहिली तर मुळं आखूड, तपकिरी. ढेकूळ फोडलं तर डिझेलचा वास. बियाणं गेलं, हंगामही गेला.

खणलेली माती न वाळवता, न चाळता, लगेच रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरा. वर हवेला जागा नको. झाकण घट्ट लावून बरणी बर्फाच्या पेटीत ठेवा, ४ अंशांच्या आसपास. डिझेलचा नमुना १४ दिवसांच्या आत तपासणीला लागला पाहिजे. पेट्रोल असेल तर ४८ तासांत पोचवा, आणि बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा.

बाकीची कामं:
- आधी प्रयोगशाळेला फोन करून विचारा. साध्या माती परीक्षणात हे होत नाही. ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’, म्हणजे मातीतलं एकूण इंधन-तेल मोजणारी तपासणी, असं सांगा.
- ०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंमीचे नमुने वेगळे ठेवा.
- एक नमुना डागापासून लांबच्या, चढाकडच्या स्वच्छ मातीचा. तो सगळ्यात आधी काढा.
- दर नमुन्याआधी खुरपं साबणाने धुवा, हातमोजे बदला.
- बरणीवर जागा, खोली, तारीख, वेळ.

शंका असेल तर माझी जुनी पारख: ढेकूळ पाण्यात टाका. वर रंगीत तवंग आला की काडीने ढवळा. तुटून तुकडे झाले तर बहुधा लोहाचे जिवाणू. फुटून पुन्हा एक झाला तर तेल. मात्र यावर पेरणी ठरवू नका. माती नाकाशी धरून वासही घेऊ नका.

‘तेल खाणाऱ्या जिवाणूं’ची महागडी बाटली अहवालाआधी अजिबात घेऊ नका. असे जिवाणू बहुतेक मातीत असतातच. त्यांना हवा, ओल आणि नत्र लागतं.

आणि नमुने नेताना बरण्या डिझेलच्या कॅनशेजारी ठेवू नका. वाटेत गाडीत इंधन भरलंत तर तेच हात बरणीला लावू नका.