एक्स्पॅट लोकांवरच्या रिसर्चचा ट्रेंड काढायचाय? आधी शब्द ठरवा

लिटरेचर रिव्ह्यूला बसलं की पहिला मोह हाच होतो, स्कोपसमध्ये (शोधनिबंधांचा डेटाबेस) 'एक्स्पॅट्रिएट' म्हणजे कामासाठी परदेशी गेलेला, हा शब्द टाकायचा, वर्षवार ग्राफ काढायचा आणि "संशोधन वाढतंय" लिहून मोकळं व्हायचं. मीही तेच केलेलं. ग्राफ मस्त चढता आला, आणि गाईडबाईंनी एवढंच विचारलं, यात रत्नागिरीहून कुवेतला गेलेला वेल्डर कुठाय? नव्हताच तो.

म्हणजे बघा, गल्फमध्ये बाहेरून कामाला आलेला कुणीही एक्स्पॅटच, साहेब असो नाहीतर गवंडी, पण मॅनेजमेंटच्या जर्नल्समध्ये एक्स्पॅट म्हणजे बहुतेक वेळा कंपनीने पाठवलेला साहेब, बाकीची मंडळी 'मायग्रंट वर्कर' किंवा 'कफाला' (गल्फमधली, कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात ठेवणारी पद्धत) या शब्दांखाली, तीही सोशिऑलॉजी-अँथ्रोपॉलॉजीकडे. म्हणून तीन सर्च वेगवेगळे करा: एक्स्पॅट्रिएट, सेल्फ-इनिशिएटेड एक्स्पॅट्रिएट (स्वतःच्या हिमतीवर गेलेले, यावरचं काम 2000 नंतर वाढलं) आणि मायग्रंट वर्कर. फाइलीही वेगळ्याच ठेवा. कचरा भरपूर येतो, 1920 च्या पॅरिसमधले अमेरिकन लेखक, आफ्रिकेत मलेरिया झालेले इंजिनिअर वगैरे, पण तो काढायला सरसकट 'बिझनेस' फिल्टर लावलात तर वेल्डर पुन्हा गळाला. टायटल वाचून हातानेच काढा, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

स्कोपसचं लॉगिन नसेल तर ओपनॲलेक्स फुकट आहे. आपल्याकडच्या पीएचड्या शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर बघायच्या, आणि केरळवाल्यांचा मायग्रेशन सर्व्हे 1998 पासून चालू आहे, भारतातून गल्फला जाणाऱ्यांवर लिहिताना तो सोडू नका.

मग पेपरांमधल्या शब्दांचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर व्हॉसव्ह्यूअर, लायडन युनिव्हर्सिटीचं, हेही फुकट. इथे सगळे एक चूक करतात. एक्स्पॅट, एक्स्पॅट्रिएट, एक्स्पॅट्रिएट्स, एक्स्पॅट्रिएशन असे चार वेगळे फुगे दिसतात आणि लोक तसाच नकाशा चिकटवतात! थेसॉरस फाइल (कुठल्या शब्दाऐवजी कुठला धरायचा याची यादी) बनवा, साधी टेक्स्ट फाइल, टॅबने पाडलेले दोन कॉलम, पहिल्याचं हेडिंग 'लेबल', दुसऱ्याचं 'रिप्लेस बाय' (इंग्रजीतच टाइप करा), की चारांचा एक होतो. आणि वर्षांप्रमाणे रंग दाखवणारा ओव्हरले व्ह्यू सरासरी वर्ष दाखवतो, त्यामुळे जुना पण अजून चालणारा शब्द मधल्याच रंगात येतो, तो बघून "विषय मधल्या काळात आला" असं लिहू नका.

नुसत्या पेपरांच्या आकड्यावरही जाऊ नका, सगळ्याच विषयांचे पेपर वाढलेत. त्या वर्षीच्या एकूण पेपरांनी भागा, मग बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाजलेला आकडा दिसला की मुळापर्यंत जा. "16 ते 40 टक्के एक्स्पॅट अपयशी होऊन मुदतीआधीच परततात" हे वर्षानुवर्षं पेपरांमधून फिरत होतं. संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी 1995 मध्ये संदर्भांची साखळी मागे मागे तपासली तर याने त्याचं उचललेलं, त्याने तिसऱ्याचं, आणि खाली भक्कम पुरावाच नाही. रोझली टंग यांच्या 1981 च्या ज्या सर्व्हेकडे बोट दाखवलं जायचं त्यात 20 ते 40 टक्के अपयश फक्त 7 टक्के अमेरिकन कंपन्यांत होतं, युरोपीय आणि जपानी कंपन्यांचे आकडे तर त्याहून बरेच कमी. तरीही हा आकडा आजही कुणाच्या ना कुणाच्या पीपीटीत भेटतोच.

ट्रेंड लिहिताना टप्पे साधारण असे पडतात: 80 च्या दशकात 'माणूस परत का आला', 1991 च्या ब्लॅक-मेंडेनहॉल-ओडू मॉडेलनंतर 'तिथे रुळतो कसा', मग स्वतःहून गेलेले, आणि 2017 च्या आसपास मॅकनल्टी आणि ब्रूस्टर हे संशोधक विचारतात की एक्स्पॅट म्हणायचं तरी कुणाला. म्हणजे गाईडबाईंचाच प्रश्न.

आणि हो, सर्चचा पूर्ण मजकूर आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने तोच सर्च केला तर आकडा वेगळा येतो, आणि व्हायवाला बरोबर तेच विचारतात.