मोफत टॉरेंट सॉफ्टवेअर बसवल्यानंतर ब्राउझरचे होमपेज सारखे बदलत असेल तर

विंडोज १० वर लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्यासाठीची डिस्कची प्रत) उतरवण्यासाठी एक मोफत टॉरेंट सॉफ्टवेअर बसवल्यापासून ब्राउझर उघडताच अनोळखी सर्च पान येऊ लागले. होमपेज बदलले, एक्स्टेन्शन काढले, ते सॉफ्टवेअरही अनइन्स्टॉल केले. तरी संगणक पुन्हा सुरू केला की तेच पान हजर, हा प्रकार वैताग आणणारा होता.

उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम इंटरनेट बंद करून कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅमची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावली आणि त्याच दिवशी सोबत शिरलेले अनोळखी प्रोग्रॅम काढले. मग टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामे आपोआप चालवणारे विंडोजचे साधन), लॉग-ऑन होताच ते पान उघडणारी नोंद सापडली (खरे मूळ हेच, आणि तेथे सहसा कोणी पाहत नाही), ती डिलीट केली. त्यानंतर ब्राउझरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधील ‘टार्गेट’ रकान्यात प्रोग्रॅमच्या नावापुढे जोडलेला वेब-पत्ता पुसला, ब्राउझर रीसेट केला आणि शेवटी विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवले.

आता टॉरेंटने फाइल उतरवण्यासाठी क्यूबिटटॉरेंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतले आहे. मात्र बिटटॉरेंट या टॉरेंटच्या पद्धतीत फाइल उतरवताना आपण तिचे भाग इतरांना पुरवतही असतो आणि आपला आयपी पत्ता त्यांना दिसतो. हा धोका सॉफ्टवेअर बदलून जात नाही.