पावसाळ्यात खेळण्यासाठी व्हिडिओ गेम कसा निवडावा

रत्नागिरीच्या आसपास जूनमध्ये वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे गेम निवडताना चित्रांच्या देखणेपणापेक्षा तो प्रगती केव्हा जतन करतो हे आधी पाहावे. २०१६ साली एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ मला अतिशय प्रिय आहे, परंतु संगणकावर तो खेळातील पात्र झोपल्यावरच जतन होतो. दिवसभराची नांगरणी, शिंपण आणि विक्री आटोपून घराकडे निघावे आणि नेमके तेव्हाच दिवे जावेत, हा अनुभव मी इतक्यांदा घेतला आहे की आता इन्व्हर्टरशिवाय तो उघडत नाही. ‘माइनक्राफ्ट’ मात्र अधूनमधून आपोआप जतन होत राहतो, म्हणून मुलांसाठी तोच घ्यावा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हा २०२३ चा ‘ड्रेज’ जरूर खेळून पाहावा. त्यातील रात्रीच्या समुद्राची भीती अस्सल वाटते. मासे पकडणे मात्र योग्य क्षणी बटण दाबण्यापुरतेच आहे, आणि हर्णैचा कोणीही खलाशी त्याला हसेल.

स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. वीज गेली की इंटरनेटही जाऊ शकते, म्हणून पहिल्याच बैठकीत इंटरनेट बंद करून तो चालतो का, हे तपासावे.