ब्रँडिंग फोटोशूटसाठी कपडे निवडताना या चुका टाळा

व्यवसायाच्या फोटोशूटसाठी फोटोग्राफर कोण, जागा कुठली, मेकअप कोण करणार यावर लोक दोन-दोन आठवडे विचार करतात, आणि कपडे मात्र आदल्या रात्री कपाटातून काढतात. मग आरशासमोर उभं राहून छान दिसतंय, एवढ्यावर निवड होते. पण आरसा आणि कॅमेरा कापडाकडे सारख्या नजरेने बघत नाहीत. आरशात आपण हलत असतो, उजेड ओळखीचा असतो. फोटोत एकच क्षण थांबतो, आणि तो फोटो पुढची दोन-तीन वर्षं आपल्या वेबसाइटवर, व्हिजिटिंग कार्डावर, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या बॅनरवर आपल्या वतीने बोलत राहतो. छोट्या व्यावसायिकांचे फोटो काढताना याच चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, आणि जवळजवळ सगळ्या टाळता येण्यासारख्या असतात.

फोटो कुठे लागणार हे आधी न ठरवणं

लिंक्डइन किंवा व्हॉट्सॲप बिझनेसच्या गोल चौकटीत चेहरा, गळा आणि खांद्याचा थोडा भाग एवढंच उरतं. तिथे साडीचा काठ, बूट, घड्याळ काही दिसत नाही. दिसतो तो फक्त गळा आणि कॉलर. फार खोल गळ्याचा ब्लाउज पूर्ण फोटोत सुरेख वाटतो, पण गोल चौकटीत गळ्याखालचं कापडच कापलं जातं आणि अंगावर काही आहे की नाही असा प्रश्न पडतो. या फोटोसाठी कॉलर, बंद गळा, नेहरू जॅकेट किंवा खांद्यावरून नीट आलेला पदर उत्तम.

वेबसाइटच्या आडव्या बॅनरचं गणित वेगळं. तिथे तुम्ही एका बाजूला असता आणि उरलेल्या जागेवर अक्षरं येतात. मोठमोठ्या फुलांचं डिझाइन अंगावर असेल तर ते शेजारच्या मजकुराशी भांडतं. म्हणून शूटआधी कागदावर लिहून काढा: कोणता फोटो कुठे, उभा की आडवा, छातीपर्यंत की पूर्ण. कपड्यांची यादी त्यावरून बनवा.

ब्रँडचा रंग ट्यूबलाइटखाली निवडणं

लोगो मोरपंखी आहे म्हणून मोरपंखी कुर्ता घेतला, आणि फोटोत दोन्ही शेजारी आल्यावर एक निळा, एक हिरवा. दोन रंग एका उजेडात सारखे दिसून दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण कापडाचा रंग आणि छपाईची शाई प्रकाशातले वेगवेगळे भाग परत पाठवतात. आपल्या आजी साडी घेताना ‘जरा दाराशी उजेडात दाखवा’ म्हणायच्या, ते अगदी योग्य होतं. कापड लोगोच्या छापील कार्डाशेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा, आणि जमलं तर स्टुडिओतल्या दिव्यांखालीही.

माझं मत विचाराल तर लोगोचा हुबेहूब रंग अंगभर घालूच नका. त्याच रंगाची फिकट किंवा गडद छटा घ्या, किंवा तो रंग ओढणी, स्टोल, नेहरू जॅकेट, ब्लाउज एवढ्यापुरता ठेवा. थोडा फरक पडला तरी तो चूक वाटत नाही, जोड वाटतो. फ्लोरोसंट गुलाबी, पोपटी, नारिंगी यांपासून तर लांबच राहा. या रंगांवर पडलेला प्रकाश उसळून हनुवटीच्या खाली आणि गळ्यावर चढतो आणि त्वचेला त्याच रंगाची झाक येते. ती एडिटिंगमध्ये काढता येते, पण फोटोगणिक वेळ खाते.

बारीक रेघा, बारीक चौकडी

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती कपड्यात दिसत नाही, फोटोतच दिसते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंची एक जाळी असते. तुमच्या शर्टाच्या बारीक रेघांचीही जाळी असते. दोन जाळ्यांची वीण जवळपास जुळली की तिसरीच नक्षी उमटते: शर्टावर पाण्यासारख्या लाटा, कधी इंद्रधनुष्याचे पट्टे. फोटोग्राफर याला मोअरे म्हणतात. ऑफिसमध्ये घालायचे बारीक रेघांचे फॉर्मल शर्ट, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) विणीचे ब्लेझर, बारीक चौकडीची इरकल, सुती कुर्त्यावरच्या सुईएवढ्या रेघा, सगळीकडे हा धोका असतो.

घरी तपासायचं असेल तर शर्ट हँगरला लावा, मोबाइलने दोन मीटर, मग तीन मीटर अंतरावरून फोटो काढा आणि प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून बघा. न मोठा करता बघितलं तर फसाल, कारण मोबाइलच्या पडद्यावर फोटो लहान होतानाही अशा लाटा येतात, ज्या मूळ फोटोत नसतात. उलटही होतं: मूळ फोटो स्वच्छ असतो आणि वेबसाइटवर लहान आकारात टाकल्यावर लाटा उठतात. मोबाइलमध्ये नाही आलं म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यातही येणार नाही अशी खात्री नाही, पण मोबाइलमध्ये आलं तर तो शर्ट घरीच ठेवा.

शूटच्या मध्येच लक्षात आलं तर फोटोग्राफरला सांगा. अंतर थोडं बदललं, कॅमेरा जरा तिरका केला किंवा झूम बदललं की बरेचदा लाटा जातात. तेही जमलं नाही तर वरून साधं जॅकेट चढवा. रेघा हव्याच असतील तर बोटभर रुंद घ्या.

पैठणी, जर आणि धूपछाव

हातमागाचा, दागिन्यांचा, लग्नसमारंभाचा किंवा मराठी खाद्यपदार्थांचा व्यवसाय असलेल्या बायका आवर्जून पैठणी नेसून येतात. ती नेसावीच. पण पैठणीसाठी तयारी वेगळी लागते.

जर धातूसारखी चमकते. समोरून थेट फ्लॅश पडला की काठावर पांढरे ठिपके फुटतात आणि नारळी काठाची वीण दिसतच नाही. मोठ्या सॉफ्टबॉक्समधून (दिव्यासमोर पांढरं कापड लावलेल्या पेटीतून) किंवा खिडकीतून बाजूने आलेला मऊ उजेड जरीला हवा असतो. बुकिंग करतानाच ‘जरीची साडी नेसणार आहे’ एवढं सांगा. फोटोग्राफर दिवे त्याप्रमाणे आणेल.

दुसरी गोष्ट पदराची. पैठणीचं सगळं वैभव पदरात, मोर तिथे, वेलबुट्टी तिथे, आणि छातीपर्यंतच्या फोटोत पदर जातो पाठीमागे. समोर उरतात प्लीट्स आणि काठाची एक पट्टी. म्हणून एक तरी फोटो बसून, पदर पुढे घेऊन हातावर किंवा मांडीवर पसरून काढायचा, हे आधीच ठरवा.

धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एका फोटोत जांभळी, पुढच्या फोटोत लालसर. एकट्या मोठ्या फोटोत हे फार देखणं दिसतं, घडीघडीत दोन रंग खेळतात. पण सोशल मीडियासाठी पंधरा-वीस फोटोंचा एकसारखा संच हवा असेल तर ती साडी वेगवेगळ्या दोन साड्यांसारखी दिसेल. संचासाठी एकरंगी, मॅट म्हणजे न चमकणारं कापड घ्या. मंगळगिरी, नारायणपेठ किंवा साधी सुती साडी आणि त्यावर खणाचा ब्लाउज, हे कॅमेऱ्यात शांत आणि श्रीमंत दिसतं.

सेफ्टी पिना आतून लावा. परकराचा रंग साडीशी जुळवा, कारण स्टुडिओचा दिवा मागून आला की पातळ साडीखालचा पांढरा परकर उघड दिसतो.

काळा, पांढरा, लाल

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा शर्ट घातला की खांदे विरघळतात आणि डोकं तरंगल्यासारखं दिसतं. क्रीम, फिकट राखाडी किंवा वरून जॅकेट, एवढ्याने काम होतं. काळ्या कपड्यांवर मोकळे काळे केस सोडले की दोन्ही मिळून एकच गडद डाग होतो. केस बांधा किंवा फोटोग्राफरला मागून केसांच्या कडेवर एक दिवा द्यायला सांगा. काळ्या सिंथेटिक कापडांत आणखी एक खोड असते: काही रंगद्रव्यं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करतात आणि काही कॅमेऱ्यांत ते काळं कापड तपकिरी-लालसर येतं. दोन काळे कपडे एकत्र घालणार असाल तर ते आधी कॅमेऱ्यासमोर धरून बघा.

लाल रंगाचा त्रास वेगळा. भडक लालात कॅमेऱ्याची लाल वाहिनी, म्हणजे लाल प्रकाश नोंदवणारा भाग, आधी भरून जाते आणि बुट्ट्या, घड्या, वीण सगळं सपाट होतं. त्यातून तो फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की फाइल लहान करताना रंगातले बारकावे आणखी पुसले जातात. मरून, कुंकवाचा गडद लाल, विटकरी हे रंग बरेच सुरक्षित. आणि तयार फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे फाइल लहान होत नाही.

कामाशी न जुळणारा वेश

ग्राहक तुम्हाला ज्या कपड्यांत भेटणार आहे, त्याहून एक पायरी वरचे, नीटनेटके कपडे फोटोत हवेत. दोन पायऱ्या वर गेलात की विश्वास उणावतो. रोपवाटिका चालवणारा माणूस थ्री-पीस सुटात उभा राहिला तर फोटो कितीही चांगला असो, तो त्याचा वाटत नाही.

काही व्यवसायांत हा प्रश्न नियमांचाही आहे. मसाले, पापड, केक, डबे करणाऱ्यांनी पदार्थ हाताळताना फोटो काढायचा असेल तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा आणि केस झाका. एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०११च्या परवाना व नोंदणी नियमांतल्या शेड्यूल ४मध्ये अन्न हाताळणाऱ्यांसाठी हेच सांगितलं आहे, आणि जाणकार ग्राहक, विशेषतः हॉटेलवाले आणि मोठी दुकानं, फोटोत हे बघतात. हिरवा चुडा घालून पिठात हात असलेला फोटो सुंदर दिसेल, पण घाऊक खरेदीदाराला तो नको असतो. चुड्याचा फोटो वेगळा काढा, पदार्थ ताटात वाढलेला असताना.

वकिलांनी बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन घालून बागेत किंवा कॅफेत फोटो काढू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार समारंभाचे प्रसंग वगळता ते कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नसतात, आणि वकिलांच्या जाहिरातीवर तर नियम ३६ची बंधनं आहेतच.

एकच ओळख वर्षानुवर्षं टिकवणं किती कामाला येतं, याचं उदाहरण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. एमडीएच मसाल्याच्या खोक्यावरचे महाशय धरमपाल गुलाटी. पगडी, मिशा, तोच चेहरा. २०२०मध्ये ते गेले, पण ते खोकं आजही लांबून ओळखू येतं. तुम्हाला पगडी घालायची गरज नाही. पण एखादी गोष्ट, मोठी टिकली, कोल्हापुरी साज, गांधी टोपी, खादीचं जॅकेट, तुमची खरोखर रोजची असेल तर ती शूटसाठी काढून ठेवू नका.

मापाची गडबड

उसना किंवा भाड्याचा ब्लेझर लगेच ओळखू येतो: खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. सैल कपडा पाठीमागून चिमट्याने आवळून समोरून नीट दाखवता येतो, बहुतेक फोटोग्राफर असे चिमटे ठेवतात. घट्ट कपड्याला मात्र उपाय नाही. बटणांमध्ये ताण पडतो आणि बसल्यावर तर जास्तच. म्हणून घरी उभं राहून, बसून, हाताची घडी घालून, असं तिन्ही प्रकारे बघा. बसताना ब्लेझरचं बटण सोडायचं असतं.

चष्मा

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा बाहेरच्या शूटमध्ये डोळे झाकतात, आणि आत आल्यावरही फिकट व्हायला काही मिनिटं घेतात. जुना साध्या काचांचा चष्मा असेल तर तो आणा. रोज चष्मा लावत असाल तर तो काढून फोटो काढू नका, लोक तुम्हाला ओळखणार नाहीत.

शूटच्या दिवशी

नवा शर्ट पाकिटातून काढून थेट घालू नका, घडीचे चौकोन छातीवर दिसतात. लिनन आणि सुती कपडे घालून रिक्षा-गाडीतून आलात तर पोटाशी आणि गुडघ्यामागे चुण्या पडणारच. हँगरवर आणा, तिथे पोहोचून बदला, आणि वाफेने चुण्या काढणारा स्टीमर आहे का ते आधी विचारा. मेकअप झाल्यावर डोक्यातून घालायचा कुर्ता आला तर गळ्याला फाउंडेशन लागतं, म्हणून मेकअपच्या वेळी पुढे बटणं असलेलं काही अंगात ठेवा. घट्ट इलास्टिकचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात. उघडे दंड किंवा मनगट दिसणार असतील तर सकाळपासून सैल कपडे घाला.

साधा पोशाख बदलायला पंधरा-वीस मिनिटं जातात, साडीला त्याहून जास्त. दोन तासांच्या शूटमध्ये तीन जोड पुरे. सगळ्यात महत्त्वाचा जोड पहिला घ्या, कारण तेव्हा इस्त्री आणि चेहरा दोन्ही ताजे असतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फिकट निळा आणि राखाडी रंग काखेतला घाम लगेच दाखवतात. पांढरा आणि गडद निळा बराच लपवतात.

टीमचा फोटो असेल तर सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट देण्यापेक्षा तीन-चार रंगांची यादी द्या आणि मोठे लोगो, घोषणा असलेले शर्ट नकोत हे स्पष्ट लिहा. एक जण भडक पिवळ्यात आला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच जाते, मालक शेजारी उभा असला तरी.

फोटो हातात आल्यावर चूक दिसली तर

कपड्यावरचे धागे, केस, छोट्या चुण्या, हलकी रंगाची झाक हे एडिटिंगमध्ये सहज जातं. मागायला संकोच करू नका. पाठीमागचा रंग बदलणंही शक्य असतं. मोअरेच्या रंगीत लाटा बऱ्याच अंशी फिकट होतात, पण भरतकामावर किंवा जरीवर आल्या तर त्या काढताना मूळ नक्षीही पुसली जाते. अशा वेळी तो फोटो कृष्णधवल करून बघा, रंगीत पट्टे तरी जातात. न बसणारा ब्लेझर, ताणलेली बटणं, पातळ कापडातून दिसणारं अस्तर हे मात्र पुन्हा शूट करूनच सुटतं. म्हणून प्रत्येक पोशाखाचे पहिले चार-पाच फोटो झाले की थांबा, लॅपटॉपवर मोठे करून कॉलर, बटणं, काठ आणि चुण्या बघा, आणि मगच पुढे जायला सांगा.