गळ्यावर हात गेला की थांबायचं नाही

नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणारी मारहाण सहसा पहिल्याच दिवशी सुरू होत नाही. आधी फोनचा पासवर्ड मागितला जातो, पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे जातं, माहेरच्यांचे फोन खटकू लागतात. पुढे भांडी आपटणं, भिंतीवर मूठ मारणं. ‘रागीट आहे, पण मनाने चांगला’ हे स्पष्टीकरण इथे उपयोगाचं नाही, कारण साहेबांसमोर तोच माणूस राग गिळतो.

सगळ्यात गंभीर खूण म्हणजे गळा दाबणं. एकदा जरी झालं तरी पुढे जिवावर बेतण्याचा धोका खूप वाढतो. वळ दिसत नसला तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टरांना ‘गळा दाबला’ असंच स्पष्ट सांगा आणि तशी नोंद करून घ्या.

घर सोडायचा बेत त्याला आधी सांगू नका. सोडताना आणि त्यानंतरचे काही आठवडे धोका सर्वाधिक असतो. आधार, बँक पासबुक, मुलांचे दाखले, औषधं आणि थोडी रोकड विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. फोनमधलं लोकेशन शेअरिंग तपासा, पण त्याला संशय येईल अशा वेळी बंद करू नका.

तातडीला 112 वर फोन करा, सल्ल्यासाठी 181 या महिला हेल्पलाइनवर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कामासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज देता येतो. लग्न झालेलं नसलं, तरी लग्नासारख्या नात्यात एकत्र राहत असाल तर हा कायदा लागू होतो. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.