वैद्यकीय प्रशिक्षणात दम टिकवायचाय? मग या चुका टाळा

निवासी डॉक्टर जागरणाचे किस्से पदकासारखे मिरवतात, आणि पहिली चूक तिथेच होते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की सलग १७ तास जागलं की हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो. २४ तासांनी तर साधारण ०.१० टक्क्यांइतका. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, आपल्या हातात नसतं, मान्य. पण नाइटच्या आधी दुपारी आडवं होणं, पहाटे लिहिलेला डोस सिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवणं आणि ड्यूटीनंतर स्वतः गाडी न चालवणं एवढं जमतं.

दुसरी चूक, अडल्यावरही सीनियरला फोन न करणं. ‘एवढंही येत नाही?’ हे ऐकावं लागेल म्हणून पेशंट हातचा घालवायचा नसतो. फोन मात्र नीट करा. ‘सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ म्हटलं तर पलीकडून वैतागच येणार. त्याऐवजी: ‘आज पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी तासाभरात ११० वरून ८४ वर आलंय, पल्स १३०, लघवी जवळपास नाही. आतून ब्लीडिंग वाटतंय. सलाइन चालू केलंय, तुम्ही येऊन बघा.’ यावर झोपेतला माणूसही उठून बसतो.

चूक झालीच, तर ती गिळून टाकू नका. चुकीचा पहिला बळी पेशंट; ती करून बसलेल्या डॉक्टरला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटलं होतं. लगेच सीनियरला सांगा, केस पेपरवर खरं तेच लिहा, नातेवाइकांशी सीनियरसोबत बोला. मग शांतपणे शोधा, गाडी घसरली कुठे? ‘मी नालायक आहे’ यातून हाती काही लागत नाही. ‘सारख्या नावाचे दोन केस पेपर शेजारी होते’ यातून लागतं.

अभ्यासाचं थोडक्यात: थकल्यावर जाडजूड पुस्तक उघडून बसू नका. आज पाहिलेल्या एका पेशंटवर एक प्रश्न पुरे.

आणि बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याला, आळस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं नोंदवली: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. सुट्टी मिळूनही हे जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. जीव नकोसा वाटत असेल, तर ड्यूटी संपायची वाट न बघता आत्ताच कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.