परजीवीच्या वेळापत्रकावर चालणारी पीएच.डी.

हिवतापाच्या परजीवीवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात की, कोणते तंत्र शिकून आले म्हणजे प्रवेश सोपा होईल. गिम्सा रंगाने रंगवलेली रक्ताची स्लाइड वाचायला शिका, हे माझे उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो. मात्र रेणवीय जीवशास्त्र म्हणून आम्ही जे काही करतो, ते तांबड्या पेशीत दिसणाऱ्या त्या बारीकशा अंगठीपासूनच सुरू होते. परजीवीची अंगठी कोणती आणि धुवायचा राहिलेला रंगाचा कण कोणता, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या पुढच्या निष्कर्षांवर विसंबता येत नाही.

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी तांबड्या पेशीत सुमारे 48 तासांत वाढतो, विभागतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशींत शिरतो. 1976 मध्ये विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात हे चक्र मानवी रक्तपेशींवर अखंड चालू ठेवून दाखवले, म्हणून आज डास न पाळताही या अवस्थेचा अभ्यास करता येतो. त्याची किंमत आपण सुट्ट्यांनी मोजतो, कारण भराला आलेल्या कल्चरचे, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या परजीवींचे, पोषक द्रावण रोज बदलावे लागते आणि वेळोवेळी ताज्या तांबड्या पेशी द्याव्या लागतात. पहिल्या वर्षी मी दिवाळीला दोन दिवस गावी गेले आणि परतल्यावर स्लाइडवर फक्त आकसलेले काळपट ठिपके उरले होते. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत होते.

प्रवेशाचा मार्ग तसा सरळ आहे. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातली एम.एस्सी. करावी आणि नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा गेट द्यावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या संस्था स्वतःची प्रवेशपरीक्षाही घेतात. 2023 पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप 42,000 रुपये आहे. पुण्या-मुंबईत त्यात घर चालवणे जमते, पण कसेबसे.

अवघड भाग त्यानंतरचा. 2002 मध्ये या परजीवीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला : 14 गुणसूत्रे, डीएनएची सुमारे 2.3 कोटी अक्षरे आणि सुमारे 5,300 जनुके, ज्यांपैकी जवळजवळ 60 टक्के जनुकांचे काम तेव्हा सांगता येत नव्हते. नवख्याला वाटते की, एखादे असे अनोळखी जनुक उचलावे, ते काढून टाकावे आणि काय बिघडते ते पाहावे. मीही तेच केले. या जनुकसंचात ए आणि टी ही अक्षरे 80 टक्क्यांहून अधिक असल्यामुळे लांब तुकडे ई. कोलाय जिवाणूत नीट टिकत नाहीत, आणि बांधलेल्या डीएनएत काही अक्षरे गळालेली सापडत. ते जमल्यावर विजेचा झटका देऊन डीएनए आत घालायचा, तो न घेतलेले परजीवी औषधाने मारून निवड करायची आणि उरलेले वाढून पुन्हा दिसेपर्यंत तीन-चार आठवडे वाट पाहायची. क्रिस्पर हे डीएनए हव्या त्या जागी कापण्याचे तंत्र या परजीवीत 2014 मध्ये आले. त्याआधीच्या माझ्या काळात ही प्रतीक्षा महिनोन्महिने लांबे. आठ महिने माझे परजीवी परतलेच नाहीत.

रक्तातल्या अवस्थेत परजीवीकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, म्हणून अत्यावश्यक जनुक काढले की हाती काहीच उरत नाही; आणि प्रयोग फसला तरीही हाती काहीच उरत नाही. या दोन रिकाम्या स्लाइड अगदी सारख्या दिसतात. काढले तरी चालते असे ठाऊक असलेले दुसरे जनुक मी त्याच दिवशी शेजारच्या फ्लास्कमध्ये काढायला घेतले असते, तर हा गुंता दोन महिन्यांत सुटला असता. हल्ली जनुक तसेच ठेवून हवे तेव्हा बंद करण्याच्या युक्त्या उपलब्ध आहेत, तरी हा शेजारचा फ्लास्क मी आजही विद्यार्थ्यांकडे मागते.

चांगला प्रश्न कसा असतो, हे मला अपिकोप्लास्टच्या गोष्टीवरून कळले. मुळात शैवालाकडून आलेले हे अंगक, म्हणजे पेशीच्या आतला एक छोटा भाग, परजीवीने प्रकाशसंश्लेषण सोडल्यावरही जपून ठेवले आहे. ते नेमके कशासाठी, यावर बरीच वर्षे तर्क चालत होते. 2011 मध्ये एलन ये आणि जोसेफ डिरिसी यांनी कल्चरमध्ये आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हा एकच पदार्थ घातला, आणि अपिकोप्लास्ट गमावलेले परजीवी जगत राहिले. रक्तातल्या अवस्थेत त्या अंगकाचे एकमेव अपरिहार्य काम म्हणजे हा पदार्थ पुरवणे, हे त्यातून दिसले. कल्पना नेमकी होती आणि कल्चर हाताशी होते. अवजड यंत्रसामग्रीपेक्षा मला हेच मोलाचे वाटते.

म्हणून प्रयोगशाळा निवडताना शोधनिबंधांची यादी तर पाहावीच, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून काही साधे प्रश्न विचारावेत. रक्त कोणत्या रक्तपेढीतून आणि किती नियमित येते? नीतिविषयक समितीची परवानगी चालू आहे का? कल्चर नकळत दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची तपासणी किती दिवसांनी होते? गोठवून ठेवलेल्या कुपींची नोंद कोण ठेवते? आणि दिवाळीत कल्चर कोण पाहते? या शेवटच्या प्रश्नावर तो हसला आणि पाळ्यांचा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे म्हणाला, तर मी तिथे अर्ज करेन.